तेलविहिरीच्या सिमेंटमध्ये नॅनो पदार्थ घालताना: काळे ठिपके, घट्ट स्लरी आणि ताकदीचा खरा प्रश्न

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लास जी, म्हणजे तेलविहिरींसाठीच्या प्रमाणित सिमेंटच्या स्लरीचे (सिमेंट आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाचे) दोन संच केले. एकात सिमेंटच्या वजनाच्या १ टक्का नॅनो सिलिका घातली, दुसऱ्यात ०.१ टक्का कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. नॅनो सिलिकेने २४ तासांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ (दाब सोसण्याची ताकद) चांगली वाढली, पण स्लरी इतकी घट्ट झाली की ब्लेंडरचे पाते अडखळू लागले. नॅनोट्यूबच्या क्यूबची (चाचणीच्या घनाकृती ठोकळ्यांची) ताकद मात्र साध्या सिमेंटपेक्षाही कमी भरली. यातला कोणता पदार्थ घ्यावा, किती टक्के घ्यावा, आणि खऱ्या विहिरीत त्याचा उपयोग होतो का?

फुटलेले क्यूब अजून टाकून दिले नसतील, तर नॅनोट्यूबच्या संचातला एखादा तुकडा घ्या. फुटलेली बाजू उजेडात तिरपी धरा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून पाहा. करड्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतील अशी माझी जवळजवळ खात्री आहे. त्यावर बोट घासले की काजळीसारखा काळा डाग लागतो. हे ठिपके म्हणजे नॅनोट्यूबच्या गुंतलेल्या गोळ्या. गोळीच्या आत सिमेंट शिरलेले नसते, त्यामुळे क्यूबच्या दृष्टीने ती भरीव वस्तू नसून भोकच असते. दाब आला की भेग तिथूनच निघते. ०.१ टक्का नॅनोट्यूब घातल्याने ताकद घटली, असा निष्कर्ष यातून काढू नका. तुमच्या क्यूबमध्ये सुटी नॅनोट्यूब जवळपास नव्हतीच. होती ती शेकडो बारीक भोके.

नॅनोट्यूब एकमेकींना चिकटतात कारण त्यांचा व्यास काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर, लांबी काही मायक्रॉन आणि पृष्ठभाग पाण्याला नाखूश. कोरडी पूड सिमेंटमध्ये मिसळून त्या सुट्या होत नाहीत. आपल्या ठरलेल्या पद्धतीत ब्लेंडर मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर १५ सेकंद आणि १२,००० फेऱ्यांवर ३५ सेकंद फिरतो. सिमेंटचे कण भिजवायला ते पुरते, नॅनोट्यूबचा गुंता सोडवायला पुरत नाही. नॅनोट्यूब आधी पाण्यात, डिस्पर्संटच्या (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाच्या) साथीने, अल्ट्रासोनिक प्रोबखाली सोडवावी लागते आणि मग त्या पाण्यात सिमेंट घालायचे. पॉलिकार्बोक्सिलेट जातीचा डिस्पर्संट इथे दोन्ही कामे करतो: ट्यूबभोवती बसून त्यांना दूर ठेवतो आणि स्लरीही पातळ ठेवतो. साबणासारखे सर्फॅक्टंट घेतले तर ट्यूब छान सुटतात, पण ब्लेंडरमध्ये फेस होतो. काँक्रीटवाल्यांचा जुना ठोकताळा सांगतो की अडकलेल्या दर १ टक्का हवेमागे ताकद साधारण ५ टक्क्यांनी उतरते. तुमची घट त्या हवेचीही असू शकते. म्हणून प्रत्येक संचाची घनता दाबाखालच्या तराजूवर मोजा. साध्या तराजूवर फेसाळ स्लरी हलकी दिसते आणि नेमके काय चुकले ते कळत नाही.

प्रोब किती वेळ चालवायचा, यालाही मर्यादा आहे. कमी वेळ दिला तर गुंता राहतो, जास्त दिला तर ट्यूब तुटून आखूड होतात, आणि ज्या लांबीसाठी त्या घेतल्या तीच हरवते. पाणी बर्फात बसवलेल्या भांड्यात ठेवा, नाहीतर ते तापते आणि डिस्पर्संटचे वागणे बदलते. द्रव तयार झाला की त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरा. शाईसारखा एकसंध दिसला पाहिजे. मग तीच परीक्षा चुन्याच्या निवळीत करा, कारण सिमेंटच्या स्लरीतले पाणी साधे पाणी नसते. त्याचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि त्यात कॅल्शियम विरघळलेले असते. साध्या पाण्यात दिवसभर टिकलेला द्रव निवळीत काही मिनिटांत गाळ होऊन बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. ग्राफीन ऑक्साइड या कार्बनच्या अतिपातळ थरांच्या पदार्थाबाबत तर हे हमखास होते. त्याच्या कडांवरचे ऑक्सिजनवाले गट त्याला पाण्यात सहज तरंगते ठेवतात, आणि कॅल्शियम त्याच गटांना पकडून थरांची गाठ मारते. दोन मिनिटांची ही परीक्षा पुढचे कित्येक दिवस वाचवते.

आता नॅनो सिलिकेकडे. तिथे तुमचा प्रश्न गुंत्याचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. क्लास जीच्या ठरलेल्या ६०० मिलिलिटरच्या संचात ७९२ ग्रॅम सिमेंट आणि ३४९ ग्रॅम पाणी असते. सिमेंटचा पृष्ठभाग ग्रॅममागे साधारण ०.३२ चौरस मीटर धरला तर सगळ्या सिमेंटचा मिळून सुमारे २५० चौरस मीटर होतो. १ टक्का म्हणजे ७.९२ ग्रॅम नॅनो सिलिका. तिचा पृष्ठभाग ग्रॅममागे २०० चौरस मीटर असेल तर एकूण सुमारे १,५८० चौरस मीटर. चमचाभर सिलिकेने भांड्यातल्या सगळ्या सिमेंटच्या सहापट पृष्ठभाग आणला, आणि तो सगळा भिजायला पाणी मागतो. शिवाय रिटार्डर (सिमेंट घट्ट होणे लांबवणारे रसायन) आणि डिस्पर्संटही त्यावर जाऊन बसतात, म्हणजे सिमेंटच्या वाट्याला ते कमी येतात. पाते अडखळले ते यामुळे.

अशा वेळी पाणी वाढवायचा मोह होतो. तो टाळा. पाणी वाढवले की सच्छिद्रता वाढते आणि नॅनो सिलिकेने जे कमावले ते तिथेच जाते. डिस्पर्संट वाढवा, तोही ०.१ टक्क्याच्या पायरीने, आणि प्रत्येक पायरीला फ्री फ्लुइड (वर सुटून येणारे पाणी) आणि गाळ बसण्याची चाचणी करा, कारण डिस्पर्संट जरा जास्त झाला की स्लरी वर पातळ आणि खाली जड अशी फाटते.

त्याआधी एक हिशेब तपासा, कारण नवीन माणसाची चूक इथेच होते. नॅनो सिलिका बहुधा पाण्यातल्या कोलॉइडच्या रूपात येते. त्यात ३० टक्के सिलिका असेल तर ७.९२ ग्रॅम सिलिकेसाठी २६.४ ग्रॅम द्रव लागतो, आणि त्यातले १८.५ ग्रॅम पाणीच असते. ते मिक्स वॉटरमधून (सिमेंट कालवायच्या पाण्यातून) वजा करून ३३०.५ ग्रॅम पाणी घ्यायचे. वजा केले नाही तर पाण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांच्या वर जाते आणि तुम्ही दोन वेगळ्या स्लरींची तुलना करत बसता. तुम्ही कोरडी पूड घेतली असेल तर हा प्रश्न नाही, पण तिच्या गाठी फोडण्याचा प्रश्न नॅनोट्यूबसारखाच उभा राहतो. मी कोलॉइडच घेतो.

कोलॉइडचा एक शत्रू आहे, मीठ. एका कामावर मिक्स वॉटरच्या टाकीत आधीच्या कामाचे पोटॅशियम क्लोराइडचे पाणी थोडे उरले होते आणि कोणी तपासले नव्हते. आम्ही कोलॉइड ओतला आणि पॅडल फिरवले. दहा मिनिटांत टाकीच्या तळाशी खळीसारखा पांढुरका थर बसला आणि सक्शनची जाळी तुंबली. सिमेंटचा एक कणही अजून त्यात पडला नव्हता. टाकी धुवून काम पुन्हा उभे करण्यात रात्र गेली. तेव्हापासून कोलॉइड ओतण्याआधी त्या टाकीतलेच पाणी एका बाटलीत घेऊन त्यात तो टाकून पाहतो आणि तासभर ठेवतो. समुद्राचे पाणी वापरायचे असेल किंवा कॅल्शियम क्लोराइड घालायचे असेल, तर पदार्थांचा क्रम प्रयोगशाळेत ठरवून घ्या आणि कामावर त्यात बदल होऊ देऊ नका. कोलॉइड गोठला तर तो पुन्हा पूर्ववत होत नाही, हेही गोदामवाल्यांना आधीच सांगून ठेवावे लागते.

इथपर्यंत प्रयोगशाळेची दुरुस्ती झाली. आता मला तुम्हालाच एक विचारायचे आहे, आणि या उत्तरातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे तेच आहे: ताकद कशासाठी हवी आहे?

विहिरीत सिमेंट खांब म्हणून उभे नसते. केसिंग, म्हणजे विहिरीत बसवलेला पोलादी पाइप, आणि खडक यांच्यामधल्या कड्यासारख्या पोकळीत, म्हणजे अ‍ॅन्युलसमध्ये, ते बसते आणि वायू, पाणी, तेल यांना एका थरातून दुसऱ्या थरात जाऊ देत नाही. पुढचे ड्रिलिंग सुरू करायला सर्वसाधारणपणे ५०० पीएसआय, म्हणजे साधारण ३.५ मेगापास्कल ताकद पुरेशी धरतात. क्लास जीच्या मानकातच ६० अंश सेल्सिअसला ८ तासांत १,५०० पीएसआय मिळाली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे गरम विहिरीत, पूर्ण घनतेच्या स्लरीत, साधे सिमेंटही गरजेच्या कितीतरी पुढे असते. तिथे नॅनो सिलिकेने ३० मेगापास्कलचे ४० केले तर आलेख सुरेख दिसतो, पण विहिरीच्या आयुष्यात त्याने फारसा फरक पडत नाही. कधीकधी नुकसानही होते, कारण जास्त ताकदीचे सिमेंट बहुतेक वेळा जास्त ताठही असते.

ते ताठपण नडते कसे, हे एका हिशेबाने पाहू. ७ इंची, ९.२ मिलिमीटर जाडीच्या केसिंगवर आतून ३० मेगापास्कल दाब दिला आणि बाहेर आधार नाही असे धरले, तर पोलाद ०.१३ टक्क्यांच्या आसपास ताणले जाते आणि केसिंगची त्रिज्या सुमारे ०.१ मिलिमीटरने फुगते. सिमेंट आणि खडकाचा आधार असल्यावर हा आकडा कमी होतो, पण तो फुगवटा अडवण्याचा भार सिमेंटच्या कड्यावर येतो. ते कडे परिघाच्या दिशेने ताणले जाते, आणि सिमेंटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते. त्यामुळे उभी भेग पडते. दाब उतरवला की केसिंग मागे येते, सिमेंट तितके मागे येत नाही, आणि दोघांमध्ये कागदाहून बारीक फट राहते. तिला आपण मायक्रो-अ‍ॅन्युलस म्हणतो. पुढे वर्षानुवर्षे वेलहेडवर (विहिरीच्या तोंडाशी) जो वायूचा दाब पुन्हा पुन्हा चढत राहतो, तो अनेकदा याच फटीतून आलेला असतो. क्यूब फोडून मिळालेला आकडा यातले काहीच सांगत नाही.

म्हणून नॅनोट्यूबकडून काय अपेक्षा ठेवायची हे मापांवरून ठरवा. ट्यूबची लांबी समजा ५ मायक्रॉन. १ मायक्रॉनपेक्षा लहान भेगेला ती टाका घालू शकते, आणि भेग जन्मतानाच तिला अडवण्यात तिचा खरा उपयोग आहे. भेग ५० किंवा १०० मायक्रॉनपर्यंत उघडली की तिचा टाका पोचतच नाही. तिथे काही मिलिमीटर लांबीचे तंतू लागतात. ताण आणि वारंवार दाब बदलणारी विहीर असेल तर मी आधी सिमेंट लवचिक करण्याचा विचार करतो, लॅटेक्स किंवा रबराचे बारीक कण घालून. मग तंतू. त्यानंतर, हाताशी चांगला सुटा केलेला द्रव असेल तर, ०.०५ टक्क्यांच्या आसपास नॅनोट्यूब. मायक्रो-अ‍ॅन्युलससाठी तर भेग अडवूनही भागत नाही, सिमेंट थोडे फुगले पाहिजे. तिथे मॅग्नेशियम ऑक्साइड कामाला येते, आणि ते किती कडक भाजले आहे यावरून कोणत्या तापमानाला कधी फुगेल ते ठरते.

नॅनो सिलिका मात्र मी मनापासून वापरतो, फक्त जागा पाहून. थंड विहिरींत तिचे मोल फार आहे. खोल समुद्रात तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास असते आणि तिथे सिमेंटचे हायड्रेशन रेंगाळते. नॅनो सिलिकेचे कण कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटला, म्हणजे सिमेंटला बांधून ठेवणाऱ्या जेलला, बसायला बीज देतात, आणि सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी रासायनिक क्रिया करून आणखी जेल तयार करतात. हलक्या स्लरीतही ती उपयोगी पडते. कमकुवत खडक फुटू नये म्हणून घनता कमी ठेवायची तर पाणी जास्त घालावे लागते आणि ताकद घसरते. ते जास्तीचे पाणी धरून ठेवायचे आणि सुरुवातीची ताकदही द्यायची, ही दोन्ही कामे ती एकटी करते. तुमचा १ टक्का अशा स्लरीत घालून पाहा. तिथला फरक आकड्यापुरता राहत नाही.

वायूच्या विहिरीत तिचा वेगळा फायदा आहे. पंप थांबला की स्लरी द्रवासारखा दाब देणे हळूहळू सोडते, पण अजून घट्ट झालेली नसते. जेलची ताकद साधारण ४८ पास्कलवरून २४० पास्कलपर्यंत चढेपर्यंतचा काळ धोक्याचा, कारण तेवढ्यात वायू आत शिरून आपली वाट कोरतो. हा काळ ४५ मिनिटांच्या आत आणायचा असतो. नॅनो सिलिका तो आखडता घेते आणि फ्लुइड लॉसही (स्लरीतले पाणी खडकात निघून जाणे) कमी करायला हातभार लावते. हे मोजायला स्टॅटिक जेल स्ट्रेंग्थची, म्हणजे न ढवळलेल्या स्लरीच्या जेलची ताकद मोजणारी चाचणीच लागते. थिकनिंग टाइमच्या (स्लरी पंप करण्याजोगी राहण्याच्या वेळेच्या) आलेखावर १०० बेअर्डेन युनिटपर्यंत, म्हणजे घट्टपणाच्या त्या मापापर्यंत, रेघ किती उभी चढली, यावरून अंदाज बांधू नका. तिथे स्लरी सतत ढवळली जात असते.

तापमान ११० अंशांच्या वर असेल तर एक गैरसमज आधी दूर करतो. त्या तापमानाला नेहमीचे जेल बदलून वेगळे, सच्छिद्र आणि कमजोर संयुग बनते, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताकद ढासळते. उपाय म्हणून सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिका फ्लोअर (बारीक दळलेली सिलिका) घालतात, म्हणजे कॅल्शियम आणि सिलिका यांचे प्रमाण बदलून टोबरमोराइट आणि आणखी वरच्या तापमानाला झोनोट्लाइट बनते. २ टक्के नॅनो सिलिका ही ३५ टक्क्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण हा प्रश्न कणांच्या बारीकपणाचा नसून सिलिकेच्या एकूण मात्रेचा आहे. एका दिवसाचा क्यूब इथे फार फसवतो. पहिल्या दिवशी दोन्ही नमुने उत्तम दिसतात.

कार्बन डायऑक्साइड असलेल्या विहिरींबद्दल सावध आहे. सच्छिद्रता आणि मोकळा चुना कमी झाल्याने आम्ल आत शिरायला वेळ लागतो, हे खरे. पण तोच चुना आम्लाला आधी खर्ची पडून जेलला वाचवत असतो. तो फारच कमी केला तर आम्ल सरळ जेलवर जाते. म्हणून प्रत्यक्ष तापमान, दाब आणि खारट पाण्यात महिनाभर ठेवलेल्या नमुन्याशिवाय मी हो म्हणत नाही. नॅनो अ‍ॅल्युमिना, टायटॅनियम डायऑक्साइड, नॅनो क्ले यांवर काम बरेच झाले आहे. क्ले पाणी धरायला आणि गाळ रोखायला चांगली आहे. बाकीच्यांसाठी नॅनो सिलिकेपेक्षा जास्त पैसे मोजण्यासारखे कारण मला विहिरीवर दिसलेले नाही.

प्रयोगशाळेतून विहिरीवर जाताना आकडे बदलतात. ३० टन सिमेंटच्या कामाला सुमारे १३,२०० लिटर पाणी आणि ०.०५ टक्क्याने १५ किलो नॅनोट्यूब लागतील. तुमचा प्रोब अर्धा लिटर पाण्याला अर्धा तास घेत असेल, तर एवढ्या पाण्याला रात्रंदिवस चालवूनही दीड वर्ष लागेल. म्हणजे कारखान्यातच सुटा केलेला दाट द्रव विकत घेणे हाच मार्ग, आणि तो द्रव साठवणीत किती महिने सुटा राहतो हे तुम्ही स्वतः तपासायचे. कोरडी नॅनो पूड बल्क प्लांटमध्ये हवेने उडवून मिसळू नका. ती व्हेंटमधून निघून जाते, उरलेली गाठी धरते, आणि माणसांच्या फुप्फुसात जाते. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २०१३ साली कार्बन नॅनोट्यूबसाठी हवेतली शिफारस केलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम ठरवली. साध्या कापडी मास्कने हे काम भागत नाही. प्रयोगशाळेतही पूड वजन करायची तर फ्यूम हुडमध्ये, ओल्या फडक्याने पुसत.

तुमच्या पुढच्या संचांसाठी माझे सांगणे एवढेच. साध्या सिमेंटचा संच त्याच डिस्पर्संटसह करा, नाहीतर फरक नॅनो पदार्थाचा की डिस्पर्संटचा हे कळणार नाही. नॅनो सिलिका ०.५, १ आणि १.५ टक्के, नॅनोट्यूब ०.०३ आणि ०.०५ टक्के, यापुढे आत्ता जाऊ नका. नमुने खोलीच्या तापमानाला पाण्यात न ठेवता विहिरीच्या तळाच्या तापमानाला आणि दाबाखाली पिकवा. अल्ट्रासोनिक अ‍ॅनालायझरच्या आकड्यावर विसंबू नका; तो ध्वनिलहरींवरून ताकदीचा अंदाज बांधतो आणि त्याचे समीकरण नेहमीच्या स्लरींवर बेतलेले आहे. सोबत क्यूब फोडून ताळा घ्या. चकत्या कडेवर उभ्या ठेवून, व्यासाच्या दिशेने दाबून, ब्राझिलियन पद्धतीने ताण सोसण्याची ताकद काढा, आणि शक्य असेल तर द्रव-वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता, म्हणजे पर्मिअ‍ॅबिलिटी. हे सगळे १, ७ आणि २८ दिवसांना. पहिल्या दिवशीची मोठी आघाडी २८ दिवसांपर्यंत बरीच ओसरलेली दिसण्याची शक्यता आहे, तेव्हा निराश होऊ नका. तुमची विहीर थंड असेल तर तुम्हाला पहिला दिवसच हवा आहे.

आणि पुन्हा विचाराल तेव्हा तळाचे तापमान, स्लरीची घनता, मिक्स वॉटरमधले क्षार, वायूचा थर कुठे आहे आणि त्या भागातल्या आधीच्या विहिरींचे सिमेंट कशाने बिघडले, एवढे लिहा. आधीच्या विहिरींच्या बाँड लॉगमध्ये (सिमेंट केसिंगला किती चिकटले याच्या नोंदीत) एका बाजूला ड्रिलिंग मड, म्हणजे खोदताना वापरलेला चिखलासारखा द्रव, तसाच अडकून राहिल्याच्या खुणा असतील, तर ते आधी सांगा. मग आपण टक्केवारीऐवजी सेंट्रलायझर (केसिंग मधोमध ठेवणारी पट्ट्यांची कडी) आणि स्पेसर (सिमेंटआधी मड ढकलून काढणारा द्रव) यांपासून सुरुवात करू.